माडीवरचं बारीक पाणी

मला अर्धा इंच आणि पाऊण इंच यांतला फरक बोटाने कळतो. लोखंडी पाइपाच्या तोंडात करंगळी घालून बघायची. ती घट्ट बसली तर अर्धा इंच, आणि अंगठा सहज आत गेला तर पाऊण. शाळा मी चौथीपर्यंतच शिकले, इंच-फुटांशी माझं कधी जमलं नाही, पण ही एक विद्या मला पक्की येते. ती मी नवऱ्याकडून शिकले, अर्धी त्यांच्याशी भांडून.

ते हायस्कुलात गणित शिकवत. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. मीही मनातल्या मनात मास्तरच म्हणत असे, म्हणून इथेही तेच म्हणते. घरात आम्ही तिघंच. मास्तर, मी आणि माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत होती. त्या माझ्या सख्ख्या आत्या नव्हत्या, पण रागावायच्या मात्र सख्ख्या आत्यासारख्याच.

घर नागपुरात, महाल भागातल्या एका अरुंद गल्लीत होतं. खाली तीन खोल्या, वर एक माडी, कौलं, आणि रस्त्याला लागून दगडी ओटा. सासरे गेले त्याच्या बरीच वर्षं आधी कमेटीचा पाइप आमच्या सडकेवरून गेला, आणि गल्लीतला पहिला नळ त्यांनी घेतला. म्युनिसिपालटीला तेव्हा सगळे कमेटीच म्हणत. नळ घरात घ्यायचा की मागच्या आवारात, यावर घरात बराच खल झाला म्हणे. आत्याबाईंनी तो बाहेर ओट्यावर घ्यायला लावला. काही नातेवाईक कुरकुरले, की कोणीही येऊन हात लावेल. आत्याबाई म्हणाल्या, "पाणी कमेटीचं आहे आणि ओटा माझा आहे. तुमाले काय करायचं?" तेव्हापासून सकाळी पाणी आलं की ज्यांच्या घरी नळ नाही त्या सगळ्या बायका आमच्या ओट्यावर भरायच्या. कोणाला नाही म्हणायचं नाही, हा घरचा नेम झाला.

आत्याबाई काही साध्वी वगैरे नव्हत्या. पाण्याच्या वेळी अडकित्ता आणि सुपारी घेऊन त्या ओट्यावर पाट टाकून बसायच्या आणि रांगेवर राज्य करायच्या. कोणाचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, आधी लागला होता, कोणाची घागर नीट घासलेली नाही, कोणाची सून काल माहेराहून आली, सगळं तिथे निघायचं. नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते म्हणून त्या स्वतः ते पाणी प्यायच्या नाहीत. प्यायला आणि देवाला विहिरीचंच पाणी लागे, अंघोळीला मात्र नळाचं चालायचं. पण त्या दोन तासांवर त्यांचा जीव होता. पाणी गेल्यावर घरात येत तेव्हा त्यांचा चेहरा जेवण झाल्यासारखा तृप्त असायचा.

मग एका थंडीत माडीवरच त्या पाय घसरून पडल्या आणि मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्याने बांधलं, हाड जुळलंही, पण पाय आखूड झाला. काठी घेऊन त्या माडीवरच्या माडीवर फिरू शकायच्या. जिना कायमचा बंद. खाली आणून ठेवू म्हटलं तर खालची जमीन सारवलेली, ओल धरणारी, आणि हाड ठणकायला लागायचं. म्हणून त्या वरच राहिल्या. माडीच्या कोपऱ्यात एक छोटी मोरी होती. तिथे पाटावर बसून अंघोळ व्हायची. पाणी मात्र खालून मी न्यायची.

आमचा जिना लाकडी, उभा आणि वाकडा. एका अंघोळीला तीन बादल्या, कपड्यांना आणखी एक. मी तेव्हा तरुण होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं, पण एकदा भरली बादली घेऊन वरच्या पायरीवरून घसरले. नडगी सोलून निघाली. आत्याबाई वरून ओरडत होत्या, त्यांना जिना उतरता येत नव्हता, आणि मी खाली पाण्यात बसून हसत होते, कारण रडले असते तर त्यांना ऐकू गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी बादली घेऊन वर गेले तर त्या म्हणाल्या, "मले आज अंघोळ नाही करायची. अंग कसकस करून राहिलं."

त्याच्या पुढच्या दिवशी डोकं दुखत होतं. मग एकादशी होती, आणि एकादशीला अंघोळ करू नये असं कोणत्या शास्त्रात आहे ते मला आजवर कळलेलं नाही. नागपूरचा उन्हाळा तोंडावर आला होता. माडीवर कौलं तापायची. जन्मभर पहाटे अंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ न गेलेली बाई ओल्या फडक्याने हातपाय पुसून बसायला लागली, आणि विचारलं की खोटं बोलायची. पाचव्या दिवशी मी भांडले.

"खोटं काहून बोलता? मी पडली म्हणून ना?"

"तू नको बोलू वं," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने पाणी घेता येत होतं तोवर बरं होतं. आता दुसऱ्याच्या टांगा मोडून आपण न्हायचं, हे मले नाही जमत."

मी खाली येऊन मास्तरांना सांगितलं, की काहीही करा, वर नळ द्या. त्यांना त्यांच्या तोटीने, त्यांच्या हाताने अंघोळ करता आली पाहिजे.

मास्तरांच्या डोळ्यांत जी चमक आली ती बघून मला आधी आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. त्यांनी पोरांच्या जुन्या उत्तरपत्रिका काढल्या आणि त्यांच्या पाठच्या कोऱ्या बाजूंवर आमच्या घराचा नकाशा काढायला घेतला. तसाही घरातला जुना पाइप बदलायला आलाच होता. सकाळी पहिलं पाणी लाल यायचं आणि ओट्यावरच्या नळाची धार वर्षागणिक बारीक होत चालली होती. म्हणजे आता सगळा पाइप नवा टाकायचा, ओट्यावर नळ, मागे न्हाणीत नळ आणि माडीवर नळ. प्रश्न एवढाच होता, की पाइप किती इंचाचा.

"एक इंच," मास्तर म्हणाले. "सगळीकडे. अर्ध्याचा एक केला की तोंड दुप्पट होते आणि पाणी चौपट." आणि त्यांनी मला ते वर्तुळं काढून सिद्ध करून दाखवलं. सिद्ध झालेल्या गोष्टीशी भांडता येत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात निघून गेले.

दोन दिवसांनी नळाचं काम करणारा मिस्त्री आला. म्हातारा, पांढऱ्या दाढीचा, खांद्यावर पाना आणि कमरेला सुतळीचं बंडल. त्याने बोलण्याआधी ओट्याजवळचा जुना पाइप एका जागी कापला आणि तो तुकडा मास्तरांच्या हातात दिला. आत गंजाचे थर चढून चढून मधे जेमतेम भोक राहिलं होतं. मास्तरांनी कानावरची पेन्सिल त्यात घालून पाहिली. ती अडकली.

"हा अर्ध्या इंचाचा आहे, मास्तर," मिस्त्री म्हणाला. "तुमी इतके साल पेन्सिलीतून पाणी पिऊन राहिले."

मास्तरांनी त्याला उत्तरपत्रिका दाखवली. मिस्त्रीला लिहिता-वाचता येत नसावं, पण नकाशा त्याने नीट पाहिला आणि मग सडकेकडे बोट केलं. सडकेवरच्या मोठ्या पाइपातून आमच्या घरात येणारा तुकडा कमेटीने टाकलेला होता, आणि तोही अर्ध्याच इंचाचा. "त्याच्या पुढे तुमी एक इंच लावा नाहीतर हत्तीची सोंड लावा. जेवढं त्याच्यातून येईल तेवढंच पुढे जाईल."

मला राहवलं नाही. मी दारातूनच म्हटलं, "तेच तर. बुधलीले मोठं नरसाळं लावलं म्हणून बुधलीचं तोंड मोठं होते का?"

मिस्त्री हसला. मास्तर हसले नाहीत. पण रात्री जेवताना ते स्वतःशीच "नरसाळं" असं दोनदा म्हणाले, आणि सकाळी कमेटीत अर्ज घेऊन गेले. सडकेपासूनचा तुकडा पाऊण इंचाचा मिळाला, त्याहून जास्त द्यायला तिथले बाबू तयार नव्हते. मग मिस्त्रीने जसं सांगितलं तसं ठरलं. सडकेपासून ओट्यापर्यंत पाऊण, तिथून पुढे दोन फाटे अर्ध्या इंचाचे, एक मागे न्हाणीत आणि एक भिंतीवरून माडीवर. सगळीकडे जाड पाइप टाकून उपयोग नसतो, जिथून सगळ्यांचं पाणी जातं तेवढीच जागा रुंद हवी, हे त्याने इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं की मास्तरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

एकच अडचण त्याने आधीच बोलून दाखवली. "खालचा नळ खुला राहिला तर वर पाणी कमी होईल. पाण्याले खाली जाणं सोपं पडते. वरची अंघोळ होईपर्यंत ओट्यावरचा नळ बंद ठेवा, म्हणजे झालं."

मास्तर म्हणाले, ठेवू की. त्यात काय.

माडीवरून काठीचे ठोके ऐकू आले. आत्याबाईंनी सगळं ऐकलं होतं. "ओट्यावरच्या नळाले हात लावायचा नाही!" त्या वरून ओरडल्या. "माझ्या अंघोळीसाठी गल्ली ताटकळत ठेवता का रे? मले वर थेंब थेंब आलं तरी चालते."

मास्तरांनी वर जाऊन समजावलं, मिस्त्रीने जिन्याखालून समजावलं. काही उपयोग झाला नाही.

चार दिवस घरात पाइपाचे सांधे भरायच्या सुतळी आणि सफेद्याचा वास होता. मिस्त्री ओसरीवर बसून पाइपाला आटे पाडायचा आणि तेलाचे काळे डाग माझ्या सारवलेल्या जमिनीवर पाडायचा. त्यावरूनही मी बोलले. पाचव्या दिवशी सकाळी मिलचा भोंगा झाला, थोड्या वेळाने पाइपात हवा गुरगुरली, आणि माडीवरच्या तोटीतून पाणी आलं. आत्याबाईंनी आम्हा दोघांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. किती तरी वेळ आतून गडव्याने अंगावर पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा केस ओले, लुगडं धुतलेलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या मला म्हणाल्या, "भूक लागून राहिली." मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. मास्तरांना बरं वाटावं म्हणून त्यांना सांगितलं, की तुमचं गणित बरोबर आलं.

मिस्त्री म्हणाला होता तसंच व्हायचं. खाली कोणी तोटी उघडली की वरची धार सुतासारखी बारीक व्हायची. मास्तर त्या वेळी शिकवणीला गेलेले असत, पण एका रविवारी त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. आत्याबाईंचं मात्र उतरलं नव्हतं. का, ते मला थोड्या दिवसांनी कळलं.

मी त्यांची पाठ चोळत होते. धार एकाएकी बारीक झाली. आत्याबाई म्हणाल्या, "शिंप्याची सून आली."

"तुमाले कसं समजलं?"

"ती तोटी पुरी फिरवते. आधीपासूनच घाई तिले."

मी खिडकीतून वाकून पाहिलं. खरंच शिंप्याची सून होती. थोड्या वेळाने धार पुन्हा मोठी झाली, मग दोनदा पटपट बारीक-मोठी झाली आणि मग बराच वेळ बारीक राहिली. "ही कोष्टीण," आत्याबाई म्हणाल्या. "दोनदा विसळल्याशिवाय ती गुंड भरत नाही. आणि आज तिनं मोठा गुंड आणला. पाहुणे आले वाटते." मी पुन्हा पाहिलं. कोष्टीणच होती, आणि तिच्याजवळ उभी असलेली बाई गल्लीतली नव्हती.

त्यानंतर रोज सकाळी आमचा हा खेळ. त्या पाटावर बसून धारेकडे बघायच्या आणि सांगायच्या, मी खिडकीतून बघून खरं-खोटं करायची. कंपाउंडरची बायको तोटी अर्धीच उघडायची, कारण तिला पाण्याचे शिंतोडे लुगड्यावर नको असायचे. एक म्हातारी लहानशी घागर आणायची, तिची बारीक धार दोनच मिनिटं टिकायची. एकदा ती म्हातारी तीन दिवस आली नाही. आत्याबाईंनी मला पेजेचं भांडं देऊन तिच्या घरी पाठवलं. तापाने पडली होती. ओट्यावर बसलेल्या बायकांपैकी कोणाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. माडीवर बसलेल्या बाईच्या आलं.

मी हे सगळं खाली बायकांना सांगितलं आणि नवीनच पंचाईत करून ठेवली. वर आत्याबाईंची अंघोळ चालू असते हे कळल्यावर बायका तोटी बंद करून थांबायला लागल्या. इकडे धार जाड झाली की आत्याबाईंना वाटायचं आपल्यासाठी कोणी थांबलंय, म्हणून त्या आपली तोटी बंद करायच्या. वर बंद, खाली बंद, आणि कमेटीचं पाणी पाइपात उभं. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहून वर ओरडायची, "आत्याबाई, घ्या पाणी!" आणि खाली ओरडायची, "भरा वं बाई, भरा, पाणी जाईल!" एवढी भांडकुदळ म्हणून गल्लीत माझं नाव होतं, पण इतकं गोड भांडण मी पुन्हा कधी केलं नाही.

मास्तरांच्या मनात मात्र ती सुतासारखी धार सलत राहिली. ते कोणाला बोलले नाहीत. कमेटीत हेलपाटे घालत राहिले आणि वर्षाच्या आत सडकेपासून एक इंचाच्या पाइपाची परवानगी मिळवली. दिवाळीच्या सुट्टीत मिस्त्री पुन्हा आला. सडकेवरून आत आल्याबरोबर वेगळा फाटा काढला, पाऊण इंचाचा, फक्त माडीसाठी. ओट्याच्या नळाशी त्याचा काही संबंध नाही. "आता खाली दहा बायका भरोत," मास्तर मला म्हणाले, "मायची धार हलणार नाही." मला त्या वेळी त्यांचा फार अभिमान वाटला. मी तेव्हा काहीही ओळखलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

धार खरोखरच हलली नाही. अंगठ्याएवढं पाणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आत्याबाई म्हणाल्या, "चांगलं आहे रे." मास्तर शिट्टी वाजवत शिकवणीला गेले.

तीन-चार दिवस त्यांनी अंघोळ केली. लवकर आटपायची. पाचव्या दिवशी मी वर गेले तर त्या कोरड्याच अंथरुणावर बसलेल्या. "मले आज नाही करायची. अंग कसकस करून राहिलं."

मला ते शब्द ओळखीचे वाटले. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हटलं, "आता तर पाण्याची बादली कोणी आणून नाही राहिलं. आता काहून?"

त्यांनी मोरीकडे पाहिलं. मोरीतला नळ उघडाच होता आणि पाणी एकसारखं पडत होतं. खालून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता, पण माडीवर तो नुसता गलका. शब्द कळत नव्हते.

"कोण आलं ते समजतच नाही वं," त्या म्हणाल्या. मग मला वाईट वाटेल म्हणून घाईघाईने, "पाणी चांगलं आहे. त्याले काही बोलू नको. लय मेहनतीनं केलं त्यानं."

आम्ही त्यांना पाणी दिलं होतं आणि गल्ली काढून घेतली होती. मी खिडकीतून पाहिलं. कोष्टीण दुसऱ्यांदा गुंड विसळत होती.

दुपारी मी पदर खोचून मिस्त्रीच्या घरी गेले आणि त्याला सांगितलं, वरचं पाणी कमी करून द्या. त्याने मला दोनदा विचारलं. "इतके साल नळाचं काम करून राहिलो, बाई," तो म्हणाला, "कमी पाणी मागायले आजवर कोणी नाही आलं." मी त्याला कारण सांगितलं. त्याने दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, मास्तरांना विचारून या, त्यांचं मन मोडू नका.

मास्तरांना सांगणं जास्त कठीण होतं. मी सांगितलं आणि ते चिडले. वर्षभराचे हेलपाटे, एक इंचाची परवानगी, आणि आता म्हणे धार बारीक पाहिजे! मीही चिडले. म्हटलं, "तुमाले फक्त पाणी मोजता येते." ते बोलायला नको होतं. मास्तर उठून माडीवर गेले. मी जिन्याच्या खाली उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शिकवणीला गेले नाहीत. पाण्याची वेळ झाली तेव्हा आईजवळ मोरीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. तोटी उघडली. "आता खाली कोण आहे सांग, माय."

"आता नाही सांगता येत."

"आधी येत होतं?"

मग त्यांनी मुलाला सगळं सांगितलं. शिंप्याच्या सुनेची घाई, कंपाउंडरच्या बायकोचं लुगडं, तापाने पडलेली म्हातारी. मास्तर ऐकत राहिले. मी वर गेले तेव्हा त्यांचा हात धारेखाली होता आणि बाही खांद्यापर्यंत भिजली होती. त्यांना ते कळलेलंही नव्हतं.

त्या रात्री पुन्हा उत्तरपत्रिका निघाल्या. या वेळी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. अंघोळ अडणार नाही एवढं पाणी राहिलं पाहिजे आणि खाली कोणी आलं ते दिसेल एवढं कमी झालं पाहिजे, असं ते गणित होतं. कुठल्याही पुस्तकात ते नव्हतं. सडकेचा एक इंच ठेवायचा, ओट्यापर्यंत पाऊण, आणि ओट्याच्या नळापासून पुढे माडीवर पुन्हा अर्धा, असं शेवटी निघालं. मी करंगळी आणि अंगठा दाखवून विचारलं, "म्हणजे इथपर्यंत अंगठा आणि इथून करंगळी?" मास्तर माझ्या बोटांकडे बघत म्हणाले, "बराबर." इतक्या वर्षांत माझं उत्तर त्यांनी पहिल्यांदा तपासल्याशिवाय बरोबर दिलं.

मिस्त्रीने एका दिवसात काम केलं आणि मजुरी घेतली नाही. काढलेला पाऊण इंचाचा पाइप आवारात दोन खांबांवर आडवा टाकला. त्यावर मी पुढे कितीतरी वर्षं लुगडी वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी खाली तोटी उघडली तेव्हा वरची धार सुतासारखी झाली नाही, पेन्सिलीएवढी झाली. आत्याबाईंनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. "कंपाउंडरची बायको," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे गडवा पुढे करून म्हणाल्या, "पाठ चोळ."

त्या आणखी सात वर्षं जगल्या. लढाई आली, लोखंड मिळेनासं झालं, आमचा पाइप टिकला. शिंप्याच्या सुनेला सून आली, तिचीही तोटी फिरवायची पद्धत आत्याबाईंनी आठवड्याभरात ओळखली. शेवटच्या वर्षी त्यांना उठून मोरीत जाता येत नसे, तेव्हा त्या खाट मोरीच्या दारात लावायला सांगायच्या आणि मी तोटी उघडून ठेवायची. पडल्या पडल्या त्या धार बघायच्या.

एका पहाटे, पाणी यायच्या थोडं आधी, त्या गेल्या. मास्तर त्यांचा हात धरून बसले होते. गल्लीतले पुरुष जमायला लागले. मी शेवटच्या अंघोळीचं पाणी भरायला मोरीत गेले. भोंगा झाला, पाइप गुरगुरला, पाणी आलं. मी बादली तोटीखाली ठेवली आणि सवयीने धारेकडे बघत बसले. आता शिंप्याची सून येईल, मग कोष्टीण.

धार बारीक झाली नाही. एक बादली भरली, दुसरी लावली. तरी नाही. मला वाटलं गल्लीला कळलं म्हणून कोणी आलंच नसेल. मी खिडकीतून वाकले.

ओट्यासमोर सगळ्या उभ्या होत्या. रोजच्याहून जास्त. गुंड, घागरी, बादल्या रांगेत लागलेल्या, आणि नळाच्या तोटीला कोणाचाही हात नव्हता. मी रोजच्यासारखीच ओरडले. "भरा वं बाई, भरा. पाणी जाईल."

कंपाउंडरच्या बायकोने वर पाहिलं. "होऊ द्या त्यांची अंघोळ," ती म्हणाली.

मी परत मोरीत आले आणि तोटी पूर्ण फिरवली. मी रडत होते आणि बादल्या भरत होत्या. त्या दिवशी कमेटीचं पाणी गेलं तेव्हा ओट्यावरचे सगळे गुंड रिकामेच होते.